पोर्ट लुईचा एक दिवस

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. आमच्या महाविद्यालयांत दोन वर्षें शिकून ती अमेरिकेंत गेली होती, व तेथील अभ्यासक्रमाचें एक सत्र तिनें जहाजावर घालविलें. सकाळीं व्याख्यानें, दुपारीं ग्रंथालय, आणि बंदर आलें कीं भूप्रदेशाचें दर्शन, असा तो क्रम. कोचीन सोडल्यावर केप टाऊनच्या वाटेवर जहाज मॉरिशसला अवघा एक दिवस थांबलें. त्या दिवसाचें वर्णन तिनें चार पानें भरून केलें होतें. निळें पाणी, शिडाची नौका, वाळूवर खाल्लेलें अननस, दिवसभर चाललेलें पोहणें. आठवडाभर नुसतें पाणी पाहून डोळे शिणलेल्या त्या तरुण मंडळीस तो दिवस सणासारखा वाटला, आणि साऱ्या प्रवासांत इतका आनंद आपणांस कोठेंच झाला नाहीं, असें तिनें शेवटीं लिहिलें होतें.

पत्र वाचून मला प्रथम रागच आला, हें कबूल केलें पाहिजे. विद्याभ्यासासाठीं निघालेल्या जहाजानें ज्या बेटाच्या इतिहासांत आपल्या माणसांचा एवढा वांटा आहे तेथें मुलांस नुसतें पोहूं द्यावें, हें मला रुचेना.

वस्तुतः तरंगत्या विद्यापीठाची कल्पना कांहीं आजची नव्हे. १९२६ च्या सप्टेंबरांत ‘रिनडॅम’ नांवाची डच आगबोट सुमारें पांचशें विद्यार्थी घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरांतून निघाली, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२७ च्या मे महिन्यांत परत आली. जेम्स लॉफ या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानें ती योजना उभी केली होती. पुढें १९६३ पासून ही प्रथा नव्यानें सुरू झाली. सी. वाय. टंग या चिनी जहाजमालकानें तर ‘क्वीन एलिझाबेथ’ ही प्रचंड बोटच विद्यापीठ करण्यासाठीं विकत घेतली. परंतु डागडुजी चालू असतांनाच ९ जानेवारी १९७२ रोजीं ती हाँगकाँगच्या बंदरांत जळाली. अधिक लहान जहाजावर काम चालू राहिलें. अशा संस्थेस केवळ सहलीची मंडळी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

शिवाय मॉरिशसला आनंद झाला म्हणून विद्यार्थ्यास दोष द्यावयाचा, तर तो आधीं डार्विनला द्यावा लागेल. ‘बीगल’ जहाजावर त्यानें जीं जवळजवळ पांच वर्षें काढलीं, तीच त्याची खरी विद्यापीठाची वर्षें. केंब्रिजनें त्याला पदवी दिली, विद्या मात्र समुद्रानें दिली. २९ एप्रिल १८३६ रोजीं तो पोर्ट लुईस उतरला आणि ९ मे रोजीं निघाला. त्यापूर्वीं नुकतींच त्यानें कीलिंगचीं प्रवाळद्वीपें पाहिलीं होतीं, व प्रवाळाचे कडे कसे वाढतात हा विचार त्याच्या डोक्यांत घोळत होता. तरीहि या दहा दिवसांचें त्याचें वर्णन मोकळ्या मनाच्या प्रवाशाचें आहे. तो ल पूस नांवाच्या, अडीच हजार फुटांहून उंच, शिखरावर चढला. शहरांतील पुस्तकांचीं दुकानें पाहून संतुष्ट झाला. आणि कॅप्टन लॉइड या भूमापन-अधिकाऱ्याच्या घरीं दोन दिवस पाहुणा राहिला. या लॉइडजवळ एक हत्ती होता, साऱ्या बेटांत तेवढा एकच. काळ्या नदीच्या बाजूस जातांना अर्धी वाट डार्विन त्या हत्तीवरून गेला. त्याला नवल वाटलें तें हत्तीच्या आकाराचें नव्हे, तर एवढ्या मोठ्या प्राण्याच्या पावलांचा मुळींच आवाज होत नाहीं याचें!

परंतु याच आनंदी पाहुण्यानें सार्वजनिक कामांवर लावलेलीं माणसें पाहिलीं. तीं हिंदुस्थानांतून जन्मठेपेवर पाठविलेलीं कैदी होतीं, संख्येनें सुमारें आठशें. हिंदुस्थानचे रहिवासी इतके उमदे दिसत असतील याची आपणांस कल्पना नव्हती, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. सावळी कांति आणि वृद्धांच्या पांढऱ्याशुभ्र दाढीमिशा त्याच्या ध्यानांत राहिल्या. त्यांचे अपराध कोणते, हेंहि त्यानें विचारलेलें दिसतें. त्यांचीं गांवें मात्र त्याच्या लेखांत नाहींत. बंगाल व मुंबई या दोन्ही इलाख्यांतून असे कैदी तिकडे जात. त्यानें ज्यांस पाहिलें त्यांत कोणी आपल्या मुलखाचा होता कीं काय, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

डार्विन आला तेव्हां बेट एका संधिकालांत होतें. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलास’ जहाजानें छत्तीस हिंदी मजूर तेथें उतरविले होते. १८३५ च्या फेब्रुवारींत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, आणि उंसाच्या मळेवाल्यांस नवे हात हवे होते. पुढें १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसें कराराच्या कागदावर अंगठा उठवून त्याच बंदरांत उतरलीं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई हीं त्यांचीं निघण्याचीं ठिकाणें. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील कोंकणी शेतकरी पुष्कळ. त्यांचे वंशज काळ्या नदीच्या परिसरांत व वाक्वाच्या बाजूस वसले. घरांत क्रेओल बोलतां बोलतां मराठी मागें पडली; तरी गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते, आणि कोंकणांतील जाखडीचा नाच ‘झाकरी’ या नांवानें टिकून आहे. ज्या आवारांत त्या माणसांची नोंद होई त्यास आतां आप्रवासी घाट म्हणतात. २००६ त युनेस्कोनें त्याला जागतिक वारसा ठरविलें. इमारतींचा अवशेष थोडाच उरला आहे. कांहीं खोल्या, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या.

हें सर्व मी तिला उत्तरांत लिहावयास बसलों आणि मध्येंच थांबलों. दोन वर्षें या मुलीला इतिहास कोणीं शिकविला होता? माझ्या व्याख्यानांत मॉरिशसचें नांव एकदांच येई, १८१० सालीं इंग्रजांनीं तें फ्रेंचांपासून घेतलें तेव्हां. नौदलांच्या हालचाली मी फळ्यावर काढून दाखवीत असें. रत्नागिरीचा शेतकरी त्या फळ्यावर कधींच आला नाहीं. तेव्हां जहाजावरील अध्यापकांस काय म्हणून बोल लावावा? तिनें त्या दिवशीं खाल्लेलें अननस मला आतां खुपेनासें झालें. खुपूं लागली ती माझी टिपणांची वही.

रागाचा मजकूर फाडून टाकून मीं साधें पत्र लिहिलें व घाटाविषयीं दोन परिच्छेद जोडले. तिचें उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. किनाऱ्यावरून परत आणणाऱ्या मोटारीचा चालक म्हातारा होता. ती हिंदुस्थानची असें कळल्यावर, आपली आजी मुंबईच्या बाजूची, असें त्यानें सांगितलें, आणि आजीचे म्हणून जे दोनचार शब्द त्याला येत होते ते म्हणून दाखविले. त्यांतील ‘पाणी’ आणि ‘भाकर’ हे दोन तिला कळले. मराठींत आणखी कांहीं विचारावें असें मनांत होतें. पण जहाज सुटण्यास अर्धाच तास उरला होता. बंदरापाशीं काळ्या दगडांची एक जुनी भिंत उजव्या हातास लागली. तें कसलें तरी गोदाम असावें, असें तिला वाटलें होतें.