पडद्याला वाचा : दृष्टिबाधितांसाठी लॉगिन
(प्रस्तावना)

संगणक सुरू केल्यानंतरचे पहिले काही क्षण डोळस माणसाच्या लक्षातही राहत नाहीत. पडद्यावर नाव दिसते, खाली चौकट दिसते, पासवर्ड टाकला की काम सुरू. दृष्टिबाधित माणसाच्या बाबतीत मात्र याच क्षणांत ठरते, की हे यंत्र त्याला एकट्याने वापरता येणार की कुणाला तरी हाक मारावी लागणार. त्या क्षणांचा अभ्यास हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रोग्रामर, बँकांच्या तंत्रविभागात काम करणारे, अंधशाळांतले शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी आणि स्वतः दृष्टिबाधित वाचक अशा सर्वांचे येथे स्वागत आहे. पूर्वतयारी लागत नाही. धीराने प्रश्न विचारण्याची इच्छा तेवढी हवी.

या क्षेत्राचा पाया स्क्रीन रीडरने घातला. पडद्यावरचा मजकूर, बटणे आणि चौकटी वाचून दाखवणारा किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारा हा प्रोग्राम. त्याच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते : यातली महत्त्वाची साधने अंध व्यक्तींनी स्वतः घडवली. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने 1989 मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये ‘एनव्हीडीए’चे काम सुरू केले, तो आजही मोफत आणि मुक्तस्रोत आहे. पुण्यात जन्मलेले, किशोरवयात दृष्टी गमावलेले टी. व्ही. रामन पुणे विद्यापीठात गणित आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकले, आणि त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ हा बोलणारा कार्यपरिसर रचला. ज्यांना अडचण भोगावी लागते तेच तिचे सर्वांत जाणते अभ्यासक असतात. या पुस्तकातली प्रत्येक चर्चा ही गोष्ट गृहीत धरूनच पुढे जाते.

मग लॉगिनचा पडदा इतका अवघड का? कारण तो मुद्दाम एकटा ठेवलेला असतो. खोटी चौकट दाखवून किंवा दाबलेल्या कळा टिपून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम असतात; त्यांना दूर ठेवण्यासाठी विंडोजसारखी प्रणाली लॉगिन एका वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर चालवते. तिथे साध्या प्रोग्रामांना प्रवेश नसतो. अडचण अशी, की स्क्रीन रीडरही इतर खिडक्यांतला मजकूर वाचतो आणि कळांवर लक्ष ठेवतो. यंत्राच्या नजरेने पाहिले तर मदतनीस आणि हेर यांचे काम सारखेच दिसते. तेव्हा विश्वासू कोण हे आधीच ठरवून ठेवावे लागते. म्हणूनच संगणकावर रीतसर बसवलेला एनव्हीडीए लॉगिनच्या वेळी बोलू शकतो, पेनड्राइव्हवरून चालवलेली त्याची प्रत मात्र तिथे पोहोचत नाही. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या तर प्रणालीचा स्वतःचा ‘नॅरेटर’ लॉगिनच्या पडद्यावरही बोलू लागतो. मॅकवरचा ‘व्हॉइसओव्हर’ आणि लिनक्सच्या ग्नोम परिसरातला ‘ओर्का’ यांनाही तिथे स्थान आहे.

आवाज ऐकू आला म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही. लॉगिनच्या क्षणी यंत्राला वापरणारा कोण हे अजून ठाऊक नसते, त्यामुळे त्याने निवडलेली भाषा, गती आणि ब्रेलची मांडणीही लागू होत नाही. मराठी आवाजाला सरावलेल्या माणसाला इथे अनोळखी आवाजात, अनोळखी वेगाने इंग्रजी ऐकावे लागू शकते. एनव्हीडीएमध्ये आपल्या सेटिंग्ज सुरक्षित पडद्यासाठी नकलून ठेवण्याची सोय आहे, पण ती प्रशासकाच्या अधिकाराने आणि जपून वापरायची असते, कारण त्या पडद्यावर जे चालते त्याला मोठे अधिकार मिळतात. याच्याही आधीची पायरी म्हणजे कूटबद्ध डिस्क. ती उघडण्यासाठी पासवर्ड मागितला जातो तेव्हा बोलणारा प्रोग्राम बहुधा त्याच बंद डिस्कमध्ये असतो. मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपकडून डिस्क आपोआप उघडून घेणे हा एक मार्ग आहे. त्याने काय साधते आणि कशावर पाणी सोडावे लागते, याचा हिशेब या क्षेत्रात मन लावून करावा लागतो.

फोनचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. बटणे जाऊन गुळगुळीत काच आली तेव्हा हे यंत्र अंधांच्या हातून निसटले अशी भीती रास्त होती. 2008 मध्ये शॉन केन, जेफ्री बिगहॅम आणि जेकब वोब्रॉक यांनी ‘स्लाइड रूल’ या संशोधनातून दाखवले, की बोट फिरवत ऐकणे आणि मग निवडणे ही पद्धत चांगली चालते. 2009 मध्ये व्हॉइसओव्हर आयफोनवर आला आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक. रामन यांनी गूगलमध्ये असताना अशी कल्पना मांडली, की बोट काचेवर जिथे टेकेल तिथेच 5 हा आकडा मानावा आणि बाकीचे आकडे त्याच्या भोवती. जागा शोधायची गरजच उरत नाही. माणसाने यंत्राप्रमाणे वळण्याऐवजी यंत्र माणसाच्या हाताप्रमाणे वळते, हे पाहण्यासारखे उदाहरण आहे.

तरीही पिन टाकण्याचा प्रश्न राहिला. बोटाखालचा आकडा फोनने मोठ्याने उच्चारला तर लोकलच्या डब्यात शेजारी उभा असलेला माणूसही तो ऐकणार. इअरफोन लावावा, तर भोवतालचे आवाज दबतात आणि अंध माणूस वाटचालीत त्याच आवाजांवर विसंबून असतो. पडद्यावर कोण डोकावते आहे हेही त्याला कळत नाही. 2012 मध्ये शिरी अझेनकोट आणि सहकाऱ्यांनी 13 अंध स्मार्टफोनधारकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी एकानेही फोनला पासवर्डचे कुलूप लावलेले नव्हते. त्याच संशोधकांनी ‘पासकॉर्ड्स’ ही पद्धत मांडली : काचेवर काही वेळा टकटक करायची, प्रत्येक वेळी कोणती बोटे टेकवली यावरून पासवर्ड ठरतो. आवाज नाही, जागा शोधणे नाही. 16 अंध व्यक्तींबरोबरच्या चाचणीत ती व्हॉइसओव्हरने आयफोनचा पिन टाकण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगवान ठरली.

त्या 13 मुलाखतींत या पुस्तकाचा गाभा आहे. सुगम्यता वाढवली की सुरक्षितता घटते, असे अनेकदा मानले जाते. प्रत्यक्षात दुर्गम लॉगिन हेच सुरक्षेतले भगदाड आहे. ज्याला स्वतःचा पासवर्ड टाकता येत नाही तो एकतर फोन उघडा ठेवतो किंवा पासवर्ड भावाला, सहकाऱ्याला, बँकेच्या काउंटरवरच्या अनोळखी माणसाला सांगतो. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवूनच जगावे लागले, तर घराला कुलूप असून काय उपयोग? गुपित एकट्याकडे राहणे ही सुरक्षिततेची पहिली अट आहे, आणि सुगम्यतेवाचून ती पुरी होत नाही.

बोटाचा ठसा आणि चेहरा यांनी पुष्कळ सोय केली, पण तिथेही घडवणाऱ्याच्या मनातला ‘सामान्य’ माणूस डोकावतो. आयफोनची चेहरा-ओळख डोळे पडद्याकडे वळले आहेत का हे तपासते. नवा फोन सुरू करून जुळवतानाच व्हॉइसओव्हर चालू केला असेल तर ही अट आपोआप सैल होते. असा विचार सगळीकडे झालेला नाही. आपल्याकडे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या डिजिटल केवायसीमध्ये कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट अनेकांच्या वाटेत आली. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा मिळणे हे घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचे अंग आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि डोळे मिचकावण्याला पर्याय देण्यासही सांगितले आहे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याबरोबर हा निकाल वाचावा. इथून पुढे ही बाब कुणाच्या चांगुलपणावर सोपवता येणार नाही.

वेबवरचे लॉगिन हा स्वतंत्र प्रांत आहे. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा यंत्रांबरोबर अंध माणसांनाही बाहेर ठेवतो, आणि त्याचा ध्वनिपर्याय दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्यांच्या कामाचा नाही. ओटीपी शोधून, ऐकून, टाकेपर्यंत वेळ संपतो. अल्पदृष्टी असणाऱ्यांना फिकट राखाडी अक्षरांतली चूक-सूचना दिसत नाही. ऑक्टोबर 2023 मधील वेब सुगम्यतेच्या 2.2 मार्गदर्शक तत्त्वांत लॉगिनसाठी वेगळा निकष आला : स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा हा एकमेव मार्ग असू नये. पासवर्ड चिकटवायला बंदी न करणे, पासवर्ड व्यवस्थापकाला काम करू देणे एवढ्यानेही बरेच साधते. पासकी, म्हणजे यंत्रातच साठवलेली डिजिटल किल्ली, हिच्यामुळे पासवर्ड टाइप करण्याचीच गरज संपू शकते. पण तिची पहिली नोंदणी सुगम्य नसेल तर जुनीच अडचण नव्या जागी उभी राहते.

वाचकाला एक विनंती. पुढचे प्रकरण उघडण्याआधी आपल्या फोनवरचा स्क्रीन रीडर चालू करा, पडदा झाका आणि लॉगिन करून पाहा. त्यातून अंधत्व कळणार नाही; आपण तयार केलेल्या वस्तूचे दोष मात्र कळतील. त्यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला, योग्य मोबदला देऊन, आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. पाहायची कसोटी एकच : हा माणूस कुणालाही गुपित न सांगता, एकट्याने, इतरांइतक्याच सहजतेने आत जातो का? मराठी बोलणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधणारे हात अजून थोडे आहेत. त्यांत तुमची भर पडावी, या इच्छेने हे पुस्तक आपल्या हाती देत आहे.