बेथेलची माणसे आणि ठाण्याचा रोजनामचा

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला, तो बहुतांशी लेखकांचा इतिहास म्हणून. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी, १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ‘स्मृतिचित्रे’कर्त्या लक्ष्मीबाई आणि पंडिता रमाबाई ही नावे मराठीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. आम्हीही वर्गात तीच शिकवत आलो आहोत. ह्या सर्वांत एक साम्य आहे, ते म्हणजे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले. ज्यांनी आयुष्यभर लिहिले, पण स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाही, अशांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आपल्या वाङ्मयेतिहासाला पडलेला दिसत नाही. लहान गावातला ख्रिस्ती फौजदार हा असा माणूस आहे. पंचनामे, जबाब, रोजनामचा असा हजारो पानांचा मजकूर त्याच्या हातून उतरतो आणि त्या सगळ्यात तो स्वतः असतो केवळ सहीपुरता. अशा माणसाचे आयुष्य आठवायचे झाल्यास कोठून सुरुवात करावी, ह्याचा विचार आम्ही येथे जालन्याच्या आधाराने करू इच्छितो.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण व्यापारी जालन्याची. कुंडलिका नदीच्या काठच्या ह्या शहराचे दुसरे रूप लष्करी होते. येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १८०३ साली इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली ते असई गावही आजच्या जालना जिल्ह्यातच. छावणीपाठोपाठ मिशनरी येतात, तसे ते येथेही आले; परंतु जालन्याच्या मिशनचा प्रमुख पुरुष गोरा साहेब नव्हता, ही ह्या इतिहासातली लक्षणीय गोष्ट आहे.

रेव्हरंड नारायण शेषाद्री हे त्यांचे नाव. ब्राह्मण घराण्यातल्या ह्या तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला, तेव्हा वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपादच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला व त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात हे प्रकरण श्रीपादचे म्हणून सांगितले जाते. जो परत आला नाही, त्या नारायणाचा माग मात्र आपण सोडून देतो. तो माग थेट जालन्याला येऊन पोहोचतो.

१८६०च्या दशकात शेषाद्रींनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने जालन्यास काम सुरू केले. त्यांच्याकडे आलेल्या लोकांत मांग समाजातील कुटुंबांचा भरणा मोठा होता. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावकी बदलत नाही. पाणवठा तोच राहतो आणि वेशीबाहेरचे घरही तेच. म्हणून शेषाद्रींनी जालन्याजवळ नवे गावच वसवले आणि त्याला बायबलातले नाव दिले, बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’. जमीन दिली ती निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्या सरकारने. मुसलमान संस्थानात, मुसलमान दिवाणाने दिलेल्या भूमीवर, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या पाळकाने अस्पृश्य मानलेल्या माणसांचे ख्रिस्ती गाव उभे करावे, ह्यासारखा दुसरा प्रसंग मराठी प्रदेशात आम्हांस आढळत नाही. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस हेच शेषाद्री उपस्थित होते. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

आता पोलिसांकडे वळू. ज्या सालारजंगांनी बेथेलला जमीन दिली, त्यांनीच १८६०च्या दशकात संस्थानात जिल्हाबंदी केली आणि कोतवालीचे, म्हणजे पोलिसांचे, खाते नव्याने बांधले. जिल्ह्याचा पोलीसप्रमुख मोहतमीम, ठाण्याचा अधिकारी अमीन. दफ्तराची भाषा आरंभी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. त्याआधी गावची राखण कोणाकडे होती? बलुतेदारीत ती महार-मांगांकडे होती. रात्री गस्त घालणारा जागल्या, चोराचा माग काढणारा, खजिना पोहोचता करणारा अशी कामे त्यांचीच. तरीही गावात चोरी झाली की पहिला संशय येई तोही त्यांच्यावरच. ज्याच्या भरवशावर गाव झोपे, त्याच्याच घराची झडती सकाळी होई. ब्रिटिश मुलखात हा संशय पुढे कायद्यात उतरला. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली विस्तारून मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला आणि मांग-गारुड्यांसारख्या जमाती त्याच्या यादीत गेल्या. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे बेथेलसारख्या वस्तीतल्या मुलाने पोलिसात भरती होणे ह्याचा अर्थ उलगडतो. राखण त्याच्या आज्याने केली होती, पण बलुते म्हणून, पसाभर धान्यावर. नातू तीच राखण पगारावर करतो आणि झडती घेण्याचा अधिकार त्याच्या हाती येतो. ह्या दोन पिढ्यांच्या मध्ये मिशनची शाळा उभी आहे. मुक्ता साळवे ह्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो ‘ज्ञानोदया’ने, हे सर्वज्ञात आहे. मिशनच्या शाळेतून शिकलेल्यांपैकी फार थोडे लेखक झाले. बाकीचे झाले शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर, रेल्वेतले नोकर आणि शिपाई.

अशा एका पिढीचा हिशेब मांडून पाहावा. १९२० साली जन्मलेला आणि विशीत कोतवालीत शिरलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९७८ साली, निवृत्त होणार. एवढ्या काळात जालन्यातल्या ह्या माणसाने जागा न सोडता चार राज्ये पाहिली असती. पहिले निजामाचे. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर दुसरे, भारतीय संघराज्यातल्या हैदराबादचे. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबईचे आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे. उर्दूत लिहिलेला रोजनामचा त्याला पुढे मराठीत लिहावा लागला असता. रझाकारांच्या काळात हिंदू शेजारी भयभीत झालेले त्याने पाहिले असते, आणि कारवाईनंतर मुसलमान शेजाऱ्यांवर ओढवलेला हिंसाचारही. त्या हिंसाचाराचा सुंदरलाल समितीचा अहवाल सर्वांसाठी खुला व्हायला २०१३ साल उजाडले. दोन्ही वेळी तो ह्या दोहोंपैकी कोणाचाच नव्हता. कोणाचाच नसणे हे गावात एकटेपण असते, पण ठाण्यात तेच कामी येते. धुळवडीचा हत्ती रिसाला असो, मोहरमची मिरवणूक असो की राजूरच्या गणपतीची अंगारकीची यात्रा, सणाच्या दिवशी ज्याला रजा नको, असा माणूस बंदोबस्ताला सोयीचा. त्याचा नाताळ वर्षातून एकदा येई आणि तोही ड्युटीवर जाण्याचा संभव असे.

आणि निवृत्तीचे वर्ष १९७८. २७ जुलै रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. गणवेशाला जात नसते, असे आपण म्हणतो. पण ज्याच्या आजोळची माणसे अजून वेशीबाहेर राहत होती, त्याला जळत्या वस्तीसमोर बंदोबस्ताला उभे राहताना काय वाटले असेल, हे रोजनामच्यात येणे शक्य नव्हते. तेथे फक्त वेळ, ठिकाण आणि माणसांची संख्या येते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

असे आयुष्य विस्मृतीत जाण्यास एक कागदी कारणही आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यांत स्थान मिळाले. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाले नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. परिणामी अनेक घरांत नावे दोन झाली, एक चर्चच्या वहीतले आणि एक शाळेच्या दाखल्यावरचे. चर्चची वही बाप्तिस्मा, लग्न आणि दफन सांगते; सेवापुस्तक नेमणूक, बदली आणि निवृत्ती सांगते. एकाच माणसाच्या ह्या दोन वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. इतिहासकाराला तो दोन अपुऱ्या माणसांच्या रूपाने भेटतो आणि अपुरा म्हणून दोन्हीकडून वगळला जातो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या इतिहासात जांब येथे जन्मलेले समर्थ रामदास येतात, असईची लढाई येते, बाजारपेठ येते. शेषाद्रींचे बेथेलही त्यात यावयास हवे, आणि शेषाद्रींपाशी न थांबता त्यांच्या शाळेतून निघालेल्या माणसांपर्यंत ते जावयास हवे. त्यासाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी चर्चची वही आणि घरात ठेवलेले सेवापुस्तक एका टेबलावर उघडावे, तारखा जुळवाव्या आणि म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून मधल्या जागा भराव्या. निवृत्त फौजदाराची मुले आज साठी-सत्तरीची आहेत. वडील नाताळच्या सकाळी कोठे असत, हे त्यांना सांगता येते. त्यांच्यानंतर ते सांगणारे कोणी असणार नाही.