नागपूरची ती प्रार्थना

आमचे जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. पश्चिमेकडे निघाले तर नळदुर्ग ओलांडून सोलापूर लागते. पूर्वेकडे उमरग्यापलीकडे गेले की बिदरची वाट फुटते. एकोणिसाव्या शतकात सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन आले आणि बिदरकडे मेथॉडिस्ट मिशन. त्यामुळे एकाच येशूला भजणाऱ्या, एकाच जातीतून आलेल्या दोन भावकींपैकी एक ह्या पंथाची व दुसरी त्या पंथाची झाली. पंथ कोणी निवडला नव्हता. जो मिशनरी ज्या वाटेने आला, त्याचा पंथ त्या वाटेवरच्या गावांना मिळाला.

हे भेद जन्मले युरोपात. कोणाला बिशप हवा, कोणाला नको. कोणी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देई, तर कोणी म्हणे, जाणत्या माणसानेच तो स्वतःच्या श्रद्धेने घ्यावा. ही भांडणे मराठी माणसाची नव्हती, पण त्यांचे ओझे मात्र त्याच्या डोक्यावर आले.

ते ओझे आधी जाणवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि मिशनच्या चाकोरीत राहून त्यांनी पुष्कळ काम केले. पण १९१७ साली त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही स्थान होते. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, टिळक गेले आणि दरबार वाढला नाही. प्रश्न मात्र मागे राहिला : ख्रिस्त एक, तर त्याचे लोक अनेक का?

वाचकांना वाटेल, ह्यात गूढ ते काय? ख्रिस्ती धर्मग्रंथात ‘रहस्य’ हा शब्द फार वेगळ्या अर्थाने येतो. रहस्य म्हणजे लपवून ठेवलेली गोष्ट नव्हे. इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, की युगानुयुगे झाकलेले देवाचे रहस्य आता उघड झाले. आणि ते हे, की यहुदी आणि परके हे एकाच शरीराचे अवयव आहेत. म्हणजे गूढ आणि एकी ह्या तेथे दोन गोष्टी नाहीतच. जी माणसे एकत्र येणे शक्य नव्हते ती एकत्र आली, हेच ते गूढ.

पण प्रत्यक्षात एकत्र यायचे कसे? १९२९ साली लखनौला निरनिराळ्या पंथांची बोलणी सुरू झाली. मध्ये १९४७ साली दक्षिणेकडील मंडळ्यांनी मद्रासला आपली एकी केली. उत्तरेत मात्र गाडी अडली ती पाळकांच्या दीक्षेपाशी. बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेला पाळक खरा पाळक का? त्याला पुन्हा दीक्षा द्यावी, तर त्याची सारी सेवा खोटी ठरते. न द्यावी, तर दुसऱ्यांच्या मनाला ते पटत नाही.

ह्या पेचातून निघालेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. निरनिराळ्या पंथांच्या पाळकांवर हात ठेवून प्रार्थना करावी, आणि ज्याच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने भरून काढावे असे मागावे, असे ठरले. उणे कोणाचे, आणि किती, हे कोणी बोलायचे नाही. ते त्यालाच ठाऊक! पुष्कळांनी ह्या संदिग्धपणावर टीका केली. पण जो हिशोब माणसांना चाळीस वर्षांत जमला नाही, तो त्यांनी देवावर सोपविला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती तेथे मान्य झाल्या. सोलापूरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मंडळ्या ह्या एकीत आल्या. बिदरकडचे मेथॉडिस्ट ज्या संघटनेचे, ती मात्र स्थापनेच्या काही महिने आधी बाजूला झाली. म्हणजे आमच्या रस्त्याची दोन टोके दोन बाजूंनाच राहिली.

पुढचा इतिहासही गोडच आहे असे नाही. गुजरातेत ब्रदरन पंथाच्या मालमत्तेवरून तंटा माजला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल नव्या चर्चच्या विरुद्ध लागला : नुसत्या ठरावाने विलीनीकरण होत नाही आणि मालमत्ताही हस्तांतरित होत नाही. प्रार्थनेने पाळक एक झाले, पण जमिनीला कागद लागतो.

तरीही नागपूरची ती प्रार्थना फुकट गेली असे मी म्हणणार नाही. विठ्ठल सगुण की निर्गुण, हा वाद आपल्याकडेही निकालात निघालेला नाही. म्हणून दिंडी थांबत नाही. आधी सारे कळावे आणि मगच एकत्र बसावे, असा हट्ट धरला, तर एका घरातली चार माणसेसुद्धा दिवाळीच्या फराळाला एका पंगतीत बसणार नाहीत. जे आपल्याला उकलत नाही ते शेजाऱ्यालाही उकललेले नाही, एवढे मान्य केले, तरी पाट मांडता येतात.