नऊ रात्री, तीन मुक्काम : ज्येष्ठांसाठी माळव्याच्या सहलीची आखणी

बडोद्यातील मराठी घरांचे माळव्याशी नाते जुने आहे. इंदूरचे होळकर, देवास आणि धारचे पवार, उज्जैन-ग्वाल्हेरचे शिंदे आणि आपले गायकवाड ही सारी एकाच काळात उदयाला आलेली घराणी. त्यांच्यामागून कारकुनी, पुरोहितपणा, वैद्यकी आणि शिक्षकी करणारी घरेही इकडून तिकडे गेली. त्यामुळे आपल्याकडे अनेकांचे आजोळ, माहेर किंवा सासर इंदूरच्या आसपास सापडते. मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांमध्ये सहलीचा विषय निघाला की पहिले नाव माळव्याचे येते, ते यामुळेच. आम्ही अशा दोन सहली केल्या. पहिली फसली, दुसरी जमली. दोन्हींचा हिशेब येथे मांडत आहोत, म्हणजे पुढच्या तुकडीला आखणीसाठी काही आधार राहील.

पहिल्या सहलीत आम्ही नऊ दिवसांत सात गावे बसवली होती : इंदूर, ओंकारेश्वर, महेश्वर, उज्जैन, भोपाळ, झाशी आणि ग्वाल्हेर. कागदावर ते फार सुबक दिसत होते. आमच्यातील निम्मे लोक बँकेतून निवृत्त झालेले, तेव्हा तक्ता तयार करण्यात कसूर नव्हती. गाड्यांच्या वेळा, अंतरे, जेवणाची ठिकाणे असे सर्व रकाने भरलेले होते. पण एक मुक्काम हलवायला किती वेळ लागतो, याचा रकानाच नव्हता. सामान बांधणे, खोली सोडताना विसरलेले चार्जर आणि कवळीची डबी शोधणे, हिशेब चुकता करणे, प्रवास, आणि नव्या गावात खोली मिळायला दुपारचे बारा किंवा दोन वाजेपर्यंत थांबणे. पासष्टीच्या पुढच्या आठ माणसांना यात अर्धा दिवस सहज लागतो. सात मुक्काम म्हणजे साडेतीन दिवस. नवातून ते वजा केल्यावर जे उरले, त्यातही आम्ही बरेचसे गाडीच्या खिडकीतूनच पाहिले.

आमच्यातील एका काकूंचे माहेर इंदूरला रामबागेत. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर आई-वडील होते तोवर त्या जात-येत असत, नंतर जाणे थांबले. इंदूर सोडताना त्यांनी एवढेच विचारले, "गल्लीवरून जाता येईल का?" चालक म्हणाला, उलटे पडेल. आम्ही म्हणालो, परतताना जाऊ. पण परतीची गाडी ग्वाल्हेरहून होती, हे आम्हालाही ठाऊक होते आणि काकूंनाही. त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या वेळी आखणी गावांपासून न करता रात्रींपासून केली. हातात नऊ रात्री आहेत, एका मुक्कामी दोनपेक्षा कमी रात्री राहायचे नाही, आणि दर तीन-चार दिवसांत एक दिवस पूर्ण रिकामा. बँकेला ठेवींतील काही हिस्सा रोख राखून ठेवावाच लागतो, कितीही चांगला कर्जदार दारात उभा असला तरी त्याला हात लावता येत नाही. रिकाम्या दिवसाचे तसेच. 'तेवढ्यात अमुक बघून येऊ' म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला आधीच सांगून ठेवावे.

या हिशेबात तीनच मुक्काम बसले : इंदूरला चार रात्री, महेश्वरला तीन, उज्जैनला दोन. भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर वगळले. यावर वाद झालाच. पण झाशी-ग्वाल्हेर ही स्वतंत्र सहल आहे, माळव्याची शेपटी नव्हे, हे पटायला पहिल्या सहलीची आठवण पुरेशी होती.

वार कसे लावायचे

आखणीत तारखेपेक्षा वार महत्त्वाचा. सरकारी संग्रहालये आणि लालबाग राजवाड्यासारखी ठिकाणे सोमवारी बंद असतात. उज्जैनला सोमवारी, तसेच शनिवार-रविवारी गर्दी असते. म्हणून आम्ही बुधवारी सकाळी इंदुरात पोहोचलो, रविवारी महेश्वरला गेलो आणि पुढच्या बुधवारी उज्जैनला. सोमवार महेश्वरला आला. नर्मदेच्या घाटाला साप्ताहिक सुट्टी नसते.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मांडू पावसाळ्यात सर्वांत सुंदर दिसते हे खरे, पण त्या दिवसांत घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि नर्मदेला पूर येतो. श्रावण आणि महाशिवरात्र उज्जैनसाठी टाळावी. 2028 च्या सिंहस्थाच्या सुमारास तर ज्येष्ठांनी सहल म्हणून तिकडे जाऊच नये. यात्रा म्हणून जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

रेल्वेचे तिकीट

आरक्षण सध्या प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे. ती धरून अंदाजपत्रक करू नये. खालच्या बर्थचा राखीव हिस्सा मात्र आहे. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांना तो मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. आम्ही पहिल्या वेळी आठ जणांची तिकिटे एकत्र राहावे म्हणून मोठ्या गटांत काढली आणि तीन गुडघे वरच्या बर्थवर चढले. दुसऱ्या वेळी दोघा-दोघांची चार तिकिटे काढली. डबे वेगवेगळे आले, पण सर्वांना खालची जागा मिळाली. गप्पा इंदुरात मारता येतात.

आणखी एक सापळा. बडोद्याहून इंदूरकडे जाणाऱ्या ज्या गाड्या मध्यरात्रीनंतर येतात, त्यांच्या तिकिटावर पुढची तारीख असते. मंगळवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचे, तर तिकीट बुधवारचे हवे. आमच्यातील एका जोडप्याने मंगळवारचेच काढले होते, म्हणजे सोमवारी रात्री सुटून गेलेल्या गाडीचे. आयुष्यभर व्हाउचरवरच्या तारखा तपासणाऱ्या गृहस्थांकडून हे झाले, म्हणून मुद्दाम लिहितो. परतीसाठी उज्जैनहूनच बडोद्याच्या गाड्या मिळतात. त्यासाठी पुन्हा इंदूरला येण्याचे कारण नाही.

गाडी सकाळी पोहोचणार असेल तर खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी. एका रात्रीचे भाडे जास्त पडते, पण रात्रभर प्रवास केलेल्या माणसाला चार तास हॉटेलच्या सोफ्यावर बसवण्यापेक्षा ते स्वस्त आहे. खोली ठरवताना फोनवर तीनच प्रश्न विचारावेत : लिफ्ट आहे का, कमोड आहे का, आणि लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का. तिसरा प्रश्न आम्ही अनुभवाने वाढवला आहे.

इंदूर

पहिला दिवस काही न करण्याचा. सकाळी पोहे-जिलबी, पोह्यांवर शेव आणि जिरावन, मग झोप. गुरुवारी राजवाडा. सात मजल्यांची ही वास्तू खाली दगडी आणि वर लाकडी होती. 1984 च्या दंगलीत लागलेल्या आगीत तिचा मोठा भाग जळला आणि नंतर ती पुन्हा उभी केली गेली. जवळच होळकरांच्या छत्र्या आहेत. सराफा बाजार रात्री पाहायचा, कारण सोन्या-चांदीची दुकाने बंद झाल्यावरच तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस आणि थंडीत मिळणारा गराडू चुकवू नये. ज्यांना रात्री नऊनंतर पचत नाही त्यांनी दुपारची झोप आणि संध्याकाळचा उपास दोन्ही करावे. आम्ही केले.

शुक्रवारी देवास. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, त्यामुळे सकाळी जाऊन जेवायला परत येता येते. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने होती. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी 1948 मध्ये इथे आले आणि 1992 मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, हे आपण वाचलेले असते. पण माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहिल्यावर ते गाव केवढेसे आहे हे कळते.

शनिवार रिकामा होता. दुसऱ्या सहलीला काकू येऊ शकल्या नाहीत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे चालणे घरापुरते उरले होते. त्या सकाळी आम्ही चौघे रामबागेत गेलो आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्या बडोद्यात पलंगावर बसून रस्ता सांगत होत्या : डावीकडे वळा, आता पिठाची गिरणी लागेल. गिरणी नव्हती. वाड्याच्या जागी चार मजली इमारत होती. "मागे विहीर बघा," त्या म्हणाल्या. विहिरीवर जाळी टाकलेली होती, पण कठडा जुनाच होता. तिथे राहणाऱ्या एक बाई बाहेर आल्या, आम्ही काय करून राहिलो आहोत ते इंदुरी मराठीत विचारले, आणि मग फोन स्वतःच्या हातात घेऊन काकूंना सारी गल्ली फिरवून दाखवली. या सगळ्याला सव्वा तास लागला. पहिल्या वेळी आमच्याकडे तो नव्हता.

महेश्वर

इंदूरपासून सुमारे नव्वद किलोमीटर. येथे गाडीच्या भाड्याचा विचार करावा. बाहेरगावच्या गाडीला बहुधा रोजी किमान अडीचशे किलोमीटरचे पैसे लागतात, ती चालो वा उभी राहो, आणि चालकाचा रात्रीचा भत्ता वेगळा. तीन दिवस गाडी दारात उभी ठेवली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे भरावे लागतात. आम्ही गाडी फक्त सोडण्यापुरती केली आणि मांडूसाठी महेश्वरातूनच एका दिवसाची घेतली.

अहिल्याबाईंनी 1767 मध्ये कारभार हाती घेतला आणि इंदुरऐवजी महेश्वर राजधानी केली. काशी-सोमनाथपर्यंत देवळे आणि घाट बांधणाऱ्या या बाईंचा स्वतःचा वाडा किती साधा आहे हे पाहावे, आणि त्यांची गादी पाहावी. किल्ल्यावरून घाटापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. उतरताना त्रास होत नाही, म्हणून फसायला होते. आम्ही सकाळी एकदाच उतरायचो, नाहीतर संध्याकाळी एकदाच. विणकरांकडे माग चालताना पाहता येतात; साडी घ्यायची नसेल तर बायकांना आधीच तसे सांगू नये, उपयोग होत नाही.

मांडू येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. एका दिवसात जहाज महाल, होशंगशाहाची संगमरवरी कबर आणि जामा मशीद एवढे पुरे. रूपमतीच्या मंडपाचा चढ ज्याने-त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावा. रस्त्यावर गोरखचिंचेची मोठाली फळे विकायला असतात.

ओंकारेश्वर आम्ही वगळले होते, आणि ज्योतिर्लिंग इतके जवळ असताना वगळायचे कसे, यावर दोघे अडून बसले. सोमवारच्या रिकाम्या दिवशी ते दोघे गेले. दर्शन झाले, पण रांग मोठी होती. रात्री उशिरा परतले आणि मंगळवारी मांडूला येऊ शकले नाहीत. त्यांची तक्रार नव्हती. ज्यांना दोन्ही दर्शने हवी आहेत त्यांनी महेश्वरची एक रात्र वाढवावी आणि सोमवार सोडून दुसरा वार धरावा. थोरल्या बाजीरावांची रावेरखेडीची समाधीही मग त्याच दिशेच्या फेरीत घेता येईल. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी त्यांचा अंत झाला.

उज्जैन

महेश्वरहून इंदूरमार्गे सुमारे दीडशे किलोमीटर, जेवणासकट अख्खा दिवस धरावा. आजचे महाकाळेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारले. भस्मारतीसाठी आधी नोंदणी लागते. आरती पहाटे चारच्या सुमारास सुरू होते, म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेचच आवरायला लागावे लागते. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात त्यांनी आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून वेळ विचारून घ्यावी. आमच्यातील पाच जण गेले, तिघे झोपले आणि सकाळी सावकाश दर्शनाला गेले. भस्मारतीचा दिवस पुढे पूर्ण मोकळा ठेवावा. फार तर संध्याकाळी क्षिप्रेचा रामघाट. सवाई जयसिंगांची वेधशाळा शुक्रवारी, गाडीच्या आधी झाली.

औषधे दोन पिशव्यांत विभागावीत, चिठ्ठ्यांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये असावेत. सामायिक खर्चासाठी प्रत्येक जोडप्याने सुरुवातीला सारखी रक्कम एका पाकिटात द्यावी आणि हिशेब रोज रात्री एकाच माणसाने लिहावा. हे काम निवृत्त बँकवाल्यालाच मिळते, त्याला इलाज नाही.

झाशी आणि ग्वाल्हेरसाठी आम्ही पाच रात्री धरल्या आहेत : ग्वाल्हेरला तीन, झाशीला दोन, ओरछा झाशीहूनच. किल्ला, जयविलास, तानसेनांची कबर आणि फूलबागेतील लक्ष्मीबाईंची समाधी एवढ्यालाच तीन दिवस लागतील. डिसेंबरमध्ये तानसेन समारोह असतो, त्या सुमारास जमवायचा विचार आहे. खालचे बर्थ हवे असणाऱ्यांनी जोडीदाराचे नाव आताच ठरवून ठेवावे.