अठरा पूर्ण झाली, आता जायचं कुठं?

आपल्या लेकी अठरा वर्षांच्या झाल्या की आपण म्हणतो, आता कळती झाली. बालगृहात वाढलेल्या मुलीला मात्र त्याच दिवशी पेटी भरावी लागते, कारण बालगृहाची मुदत तिथं संपते. जायचं कुठं आणि खायचं काय, हे दोन्ही प्रश्न एकदमच येतात.

कायद्याला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. 1850 साली, कंपनी सरकारच्या अमलात, शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्यात खास उल्लेख होता तो अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांचा. दहा ते अठरा वयाचं मूल जास्तीत जास्त सात वर्षं एखाद्या उस्तादाकडे कामाला बांधून देता येई. आईबाप नसले तर मॅजिस्ट्रेट पालक म्हणून उभा राही. ‘बांधून’ हाच शब्द बरोबर, कारण चुकलेल्या पोराला शिक्षेचीही सोय त्यात होती. हा करार एकविसाव्या वर्षापलीकडे चालत नसे. मुलीचा मात्र लग्न झालं की संपे.

म्हणजे मुलगी कसब शिकणार ते लग्न ठरेपर्यंत! पुढंही कितीतरी आश्रमांनी मुलीला ‘मार्गी लावणं’ म्हणजे स्थळ बघणं असंच धरलं.

पंडिता रमाबाईंनी केडगावला वेगळं करून दाखवलं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार मुली मुक्तिसदनात आणल्या. विणकाम, शिवण, शेती, छापखाना अशी कामं त्या शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. धर्मांतरावरून रमाबाईंवर टीका पुष्कळ झाली. तो वाद वेगळा. पण तिथं काम आणि छप्पर एकाच आवारात होतं, आणि लग्न केलं नाही म्हणून बाईला बाहेर पडावं लागत नव्हतं.

1961चा शिकाऊ उमेदवारी कायदा आला तो कारखान्यांना कसबी माणसं मिळावीत म्हणून. आता उमेदवारी आणि आयटीआय कौशल्य खात्याकडे, निवारा महिला व बाल विकास खात्याकडे. कारखाना एका गावी, अनुरक्षणगृह भलत्याच जिल्ह्यात. मधली सांधेजोड त्या पोरीनंच करायची!

तरी 2015च्या बाल न्याय कायद्यानं तिला अठरानंतर एकविसापर्यंत, विशेष कारण असेल तर तेविसापर्यंत, मदत मिळू शकते. मिशन वात्सल्यमधून महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. राज्यात 2018पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं.

तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल तर सतरावं लागताच अधीक्षिकाबाईंना भेटा. आधार, बँक खातं, अनाथ प्रमाणपत्र आणि अनुरक्षणाचा अर्ज ती बालगृहात असतानाच करून घ्या. बाहेर पडल्यावर अर्जावर पत्ता कुठला लिहायचा, इथूनच अडायला लागतं.