नीळ की पिवडी?

खारबावच्या घराला या दिवाळीत रंग द्यायचा आहे. माजघर निळं की पिवळं, यावर पुतण्या आणि सूनबाई यांचं एकमत होत नाहीये. मला विचारलंत, तर मी पिवळ्याच्या बाजूचा. कारण मात्र थोडं जुनं आहे, म्हणून इथेच लिहितो.

आमच्या लहानपणी रंग म्हणजे चुना. त्यात चिमूटभर नीळ घातली की भिंत जास्त पांढरी दिसायची, मूठभर घातली की आकाशी व्हायची. ही पुडीतली नीळ १९१७ च्या चंपारणची नव्हे बरं का! (वर्गात मुलं दर वर्षी हा घोळ घालत.) ती झाडाच्या पानांची. ही वेगळीच. हा निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडातून, लाजवर्दातून काढत आणि युरोपातले चित्रकार त्याला सोन्याच्या तोलाचा भाव देत. शेवटी १८२४ मध्ये पॅरिसच्या एका संस्थेने हा रंग स्वस्तात करून दाखवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने ते १८२८ मध्ये मिळवलं. माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजायचा, बस्स! राजेरजवाड्यांचा रंग किराणा दुकानात आला तो असा. शिवाय चुन्यात तो टिकतो. दुसरा प्रसिद्ध निळा, प्रशियन ब्लू, चुन्यात नासतो.

पिवडीला असा प्रवास नाही. ती लोहाची माती. भाजली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती लाल होते, म्हणजे गेरूच. वारल्यांच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या चित्रांखाली असतो तोच गेरू.

आता माजघर. त्याला खिडकी नाही. कंदिलाच्या उजेडात निळा अंश फारच थोडा, त्यामुळे निळी भिंत रात्री राखाडी, काळपट दिसायची. पिवळी भिंत तोच उजेड परत खोलीत टाकायची. म्हणून ओटी निळी आणि माजघर पिवळं, अशी आमच्याकडची वाटणी. आज वीज आहे हे खरं, पण दिवसा माजघर अजून अंधारंच असतं.

तेव्हा सूनबाई, तुमचा निळा ओटीला द्या. आणि रंगाऱ्याला सांगा, जुने चुन्याचे थर आधी नीट खरवडून काढ. नाहीतर वरचा रंग पावसाळ्यात पापुद्र्यांसकट सुटून येईल.