आत्मविश्वास शिबिरात मिळत नाही, तो चळवळीत घडतो



करिअर मार्गदर्शन शिबिरांचं पीक हल्ली लोहा-कंधारसारख्या तालुक्यांतही आलं आहे. व्याख्याता समोरच्या मुलींना सांगतो, "तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे. तो वाढवा, यश आपोआप येईल." टाळ्या वाजतात. मुलगी घरी जाते ती एकच गोष्ट मनात घेऊन: दोष माझ्यातच आहे.

शेवटच्या एसटीसाठी जिला क्लास अर्धा सोडावा लागतो, मुलाखतीत जिचं आडनाव ऐकून समोरच्याचा सूर बदलतो, तिला हे सांगणं म्हणजे व्यवस्थेचं पाप तिच्या माथी मारणं आहे. आपल्या आज्या-पणज्यांचा इतिहास वेगळंच सांगतो.

जाईबाई चौधरी हे नाव किती जणींना माहीत आहे? विदर्भातली ही बाई कामठी स्टेशनवर हमाली करायची. ओझी वाहता वाहता एका मिशनरी बाईंच्या मदतीने ती शिकली आणि शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे सवर्णांना सहन झालं नाही. तिची नोकरी गेली. आजचा व्याख्याता तिला सकारात्मक विचार करायला सांगेल! जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची शाळा काढली. नाकारलेल्या बाईने नोकरी देणारी संस्थाच उभी केली.

पण शिकलेल्या बाईलाही जात सोडत नाही. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. स्त्रियांच्या हक्कांवर बोलणाऱ्या त्या परिषदेत जेवायच्या वेळी दलित स्त्रियांना वेगळं बसवण्यात आलं. आपल्या बायका रडत घरी गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःची सभा घेऊन जाहीर निषेध केला आणि वेगळ्या संघटनेची वाट धरली.

त्या वाटेवरचा मोठा टप्पा म्हणजे २० जुलै १९४२. नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि समोर हजारोंच्या संख्येने स्त्रिया. बाबासाहेब स्वतः उपस्थित होते.

त्या परिषदेचे ठराव प्रत्येक नोकरदार मुलीने वाचावेत. गिरणीतल्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा द्या. कामावर दुखापत झाली तर भरपाई द्या. २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये पेन्शन द्या. बायका काम करतात तिथे देखरेखीला बाईच नेमा. मुलींसाठी वसतिगृहं काढा. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा द्या. सोबत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वावर बंदीही मागितली.

यात कुठे "आम्हाला धीर द्या" अशी मागणी आहे का? रजा, पेन्शन, वसतिगृह, सत्तेत वाटा! नोकरी करणाऱ्या बाईचा आत्मविश्वास कशावर उभा राहतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

बाबासाहेबांचीही भूमिका हीच होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की स्त्रिया कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्याने काही प्रमाणात तरी भार उचलायलाच हवा. मजूरमंत्री झाल्यावर १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. बाईला उपदेश करण्याआधी त्यांनी तिच्या पायाखाली कायद्याची जमीन दिली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या ताब्यात होता. आपल्याकडे उच्च शिक्षणाची मोठी वाट बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या, पुढे मिलिंद नावाने ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयाने मोकळी केली. म्हणून आज आपल्या घरातली मुलगी तलाठी, नर्स, शिक्षिका, पोलीस होते, तेव्हा ती एकटी उभी नसते. तिच्या मागे ही सगळी रांग उभी असते.

मग लोह्यात आपण काय करायचं?

एक, जयंतीच्या समितीत मुलींना रांगोळी आणि स्वागतगीतापुरतं ठेवणं बंद करा. अध्यक्षपद द्या, हिशेबाची वही द्या, भाषणाला पहिली वेळ द्या. सभेत बोलायची सवय झालेली मुलगी मुलाखतीला घाबरत नाही.

दोन, कायदा शिकवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती सक्तीची आहे. त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे दुकानात आणि खासगी दवाखान्यात राबणाऱ्या आपल्या किती बहिणींना माहीत आहे?

तीन, नोकरीला लागलेल्या प्रत्येकीने महिन्यातला एक रविवार विहारात द्यावा आणि अर्ज भरणाऱ्या मुलींना सोबत बसून शिकवावं. पोरी, तू मागे वळून हात दिलास तरच ही रांग पुढे सरकेल.

आणि पुढच्या शिबिरात कुणी "तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे" असं म्हणालं, तर उभ्या राहा आणि विचारा: "साहेब, वसतिगृहाचं काय? पगाराचं काय? तक्रार समितीचं काय?"

हा प्रश्न विचारणं म्हणजेच आत्मविश्वास.

जयभीम! जय सावित्री!